बैठकीतला एक चेहरा : कमी खर्चातल्या अर्धपुतळ्यांचा आढावा

देऊळगाव राजात जुने माळवदाचे वाडे उतरले आणि त्यांच्या जागी स्लॅबची घरे आली, तेव्हा घरातली एक सोय कायमची गेली. ती म्हणजे भिंतीतला कोनाडा. हातभर जाडीच्या भिंतीत दिवा, पोथी, देव, आरसा सगळे मावत असे. आताच्या विटांच्या पातळ भिंतीत कोनाड्याला जागा नाही, म्हणून टीव्ही युनिट आले आणि त्याला लागून काचेची शोकेस आली. या शोकेसमध्ये बहुतेक घरांत एखादा अर्धपुतळा असतोच. कुणाकडे छत्रपती शिवाजी महाराज, कुणाकडे बाबासाहेब, कुणाकडे बुद्ध, विवेकानंद किंवा गाडगेबाबा. बहुतेक वेळा तो कुणी निवडून आणलेला नसतो. सेवानिवृत्तीच्या सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर मिळतो, स्पर्धेत बक्षीस म्हणून येतो किंवा वास्तुशांतीला कुणीतरी देऊन जातो.

घर पुतळ्याने सजवावे का, हा प्रश्न आपल्याकडे कधीच निकालात निघाला आहे. पुतळे घरात आहेतच. खरा प्रश्न पुढचा आहे. आपल्या ऐपतीत राहून, डोळसपणे निवडलेला, घडणीने चांगला असा एक अभिजात चेहरा घरात कसा आणायचा? त्यासाठी काय पाहायचे, कशाला हात लावायचा नाही आणि पैसे नेमके कुठे घालायचे? या सगळ्याचा विचार आपल्या भागाच्या हवेचा, बाजाराचा आणि भावनांचा हिशोब धरूनच करायला हवा.

‘अभिजात अर्धपुतळा’ म्हटले की डोळ्यांपुढे ग्रीक-रोमन चेहरा येतो. पांढरा, कुरळ्या केसांचा, बुबुळे नसलेला. तो आपल्या बैठकीत परका दिसेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले भोकरदन आठवावे. प्राचीन काळी हे भोगवर्धन म्हणून ओळखले जाणारे व्यापारी नगर होते. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून तिथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचा एक तुकडा हाती आला. इटलीतल्या पॉम्पेई शहरात 1938 च्या सुमारास एक हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली होती, तिच्याशी या तुकड्याचे जवळचे साम्य आहे. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्याआधी आपल्याकडची वीतभर उंचीची मूर्ती समुद्र ओलांडून तिथल्या एका घरात पोचली होती. ती नेमकी कुठे घडली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते दख्खनमध्ये, काहींच्या मते वायव्येकडे. पण घर सजवण्यासाठी दूरदेशीची मूर्ती मागवण्याची हौस दोन हजार वर्षांपूर्वी होती आणि त्या व्यवहारात आपला देश विकणाऱ्याच्या बाजूला होता, एवढे त्यातून नक्की दिसते.

उलट दिशेनेही माल येत होता. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकातल्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. याहून मोलाची साक्ष तेरची. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या आणि भाजलेल्या मातीच्या लहान प्रतिमा आहेत. त्यांतल्या कित्येक दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळ्या साच्यात दाबायची, मग दोन्ही जोडायच्या आणि आत पोकळी ठेवायची. हे तंत्र रोमन संपर्कातून आले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तंत्राचे मूळ कुठलेही असो, साच्यामुळे एकाच प्रतिमेच्या अनेक प्रती निघू लागल्या आणि मूर्ती राजवाड्यातून साध्या माणसाच्या घरात आली. आज रस्त्याकडेच्या पालात रबराच्या साच्यातून चेहरा निघतो, तोही याच वाटेने. साच्यातली मूर्ती म्हणजे हलका माल, असे मानणाऱ्यांनी तेरला एकदा जरूर जावे.

चेहऱ्यापुरती किंवा छातीपर्यंतची प्रतिमा घरात ठेवण्याची रीतही आपल्याला नवी नाही. रोममधली खानदानी कुटुंबे मेलेल्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घराच्या दर्शनी चौकात कपाटांत जपून ठेवत, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीने केली आहे. पुढच्या काळातल्या संगमरवरी अर्धपुतळ्यांचे नाते पुष्कळजण या मुखवट्यांशी जोडतात. आपल्याकडे देवघरातल्या टाकांवर कुलदैवताबरोबर वीराचा किंवा पूर्वजाचा ठसा असतो, तो याच भावनेतून. भाद्रपदात विदर्भ-मराठवाड्यातल्या घराघरांत महालक्ष्म्या बसतात, तेव्हा पितळी, मातीचे नाहीतर प्लास्टरचे मुखवटे कोठ्यांवर किंवा स्टँडवर चढतात, त्यांना साड्या नेसवतात, दागिने घालतात. त्या तीन दिवसांत आपल्या घरांत मुखवट्यांची जेवढी जाणकारी दिसते, तेवढी एरवी क्वचितच दिसते. डोळे नीट आखलेत का, नाक सरळ आहे का, चेहरा हसरा वाटतो का, हे घरातल्या बायका पाहताक्षणी सांगतात. अर्धपुतळा विकत घेताना हीच नजर वापरायची आहे.

अभिजात म्हणजे फक्त ग्रीक, हा समज तर सोडूनच द्यावा. जगातल्या सर्वांत भव्य अर्धप्रतिमांपैकी एक महाराष्ट्रातच आहे. घारापुरीच्या लेण्यातली महेशमूर्ती सहाव्या शतकातली. सुमारे अठरा फूट उंचीचे हे तीन चेहरे छातीपाशी थांबतात. मधला शांत, एका बाजूचा उग्र, दुसऱ्या बाजूचा कोमल. अर्धपुतळ्यात काय साधता येते, याचा याहून मोठा धडा रोममध्येही मिळायचा नाही. गांधारची चुन्याच्या गिलाव्यात घडवलेली मस्तके, सारनाथचा गुप्तकालीन बुद्ध, अजिंठ्याचे शिल्पकाम ही सगळी आपली अभिजात परंपरा. सॉक्रेटिस किंवा होमरचा चेहरा आवडला तर जरूर आणावा, विद्येला सरहद्द नसते. पण निवड करताना आपल्या दाराशी काय आहे याची माहिती असावी.

आता साहित्याकडे वळू. बजेटचा मुद्दा इथेच ठरतो.

कमी खर्चात सर्वांत चांगले काम देणारे साहित्य अजूनही प्लास्टर ऑफ पॅरिसच आहे, असे माझे ठाम मत आहे. जिप्समचा दगड साधारण दीडशे अंश सेल्सिअसला तापवला की त्यातले बरेचसे पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातले की ती ते पाणी पिऊन घट्ट होते आणि घट्ट होताना हाताला गरम लागते. या वेळी ती आकसत नाही, किंचित फुगते. म्हणून साच्यातली पापणीची कड, ओठाची मुरड, केसांची रेघ सगळे भरून येते. सुकताना आकसणाऱ्या मातीला हे इतक्या सहज जमत नाही. हलक्या दर्जाचे म्हणून प्लास्टरला नावे ठेवतात, ते त्याच्यावर अन्याय करणारे आहे. युरोपातल्या कलाशाळा प्लास्टरच्या प्रतींवर उभ्या राहिल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1873 पासून खास दालने आहेत, तिथे बहुतेक प्लास्टरच्याच प्रती आहेत. इटलीतल्या लुक्का परिसरातले कारागीर प्लास्टरचे चेहरे टोपलीत घेऊन युरोप-अमेरिकेतल्या गावोगावी फिरले. आपल्याकडून सांचीच्या तोरणाची प्लास्टरची प्रत 1870 च्या सुमारास लंडनला गेली, तीही याच काळात.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत (स्थापना 1857) मुलांच्या कित्येक पिढ्या ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींसमोर बसून रेखाटन शिकल्या. याच शाळेतल्या गणपतराव म्हात्रे नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने 1896 मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. नऊवारी नेसून हातात पूजेचे साहित्य घेऊन निघालेली ही तरुणी देशभर गाजली, रवींद्रनाथांनी तिच्यावर लेख लिहिला. ती संगमरवराची किंवा कांस्याची नव्हती, प्लास्टरची होती. ज्या साहित्यात मराठी शिल्पकलेची नवी सुरुवात झाली, ते आपल्या बैठकीला कमीपणा कसा आणेल?

प्लास्टरचे वैरी दोनच, ओल आणि धक्का. आपला भाग कोरडा आहे, ही इथे जमेची बाजू. कोकणात प्लास्टरला बुरशी धरते, तशी इथे सहसा धरत नाही. फक्त पावसाळ्यात ओल येणारी भिंत, मोरीची भिंत आणि खिडकीखालची जागा टाळावी. नवा पुतळा वरून कोरडा वाटला तरी आतून सुकायला बरेच दिवस घेतो. रंगाची घाई केली की पापुद्रे सुटतात. नीट सुकल्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा किंवा साध्या प्रायमरचा एक पातळ हात दिला की धूळ आत मुरत नाही. कापूस-सोयाबीनच्या हंगामात खिडकीतून जी बारीक धूळ येते, ती उघड्या प्लास्टरमध्ये बसली की पुढे कशानेही निघत नाही. ओल्या फडक्याने पुसू नये, मऊ कोरडा ब्रश फिरवावा.

फायबरचा पुतळा हलका, पडला तरी बहुधा न फुटणारा आणि बाहेर ओसरीवर किंवा गच्चीवर चालणारा. त्याला प्लास्टरपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात. घरात लहान मुले असतील आणि पुतळा उंच फळीवर ठेवायचा असेल तर मात्र फायबर घ्यावा. भरीव प्लास्टर डोक्यावर पडण्याची जोखीम घेण्यात अर्थ नाही. ‘मार्बल’ म्हणून ऑनलाइन विकले जाणारे स्वस्त पुतळे बहुतेक वेळा संगमरवराची भुकटी आणि रेझिन यांचे मिश्रण असतात. वस्तू वाईट नसते, पण तिला संगमरवराचा भाव देऊ नये. खरा संगमरवर, पितळ, पंचधातू हे या लेखाच्या ऐपतीबाहेरचे विषय.

सिमेंटचा उल्लेख मुद्दाम करतो. अलिबागजवळ सासवणे येथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) यांच्या राहत्या घरात त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. पुण्यातला 1928 चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ कांस्यपुतळा घडवणारा हा माणूस घरच्या अंगणात आणि खोल्यांत सिमेंटसारख्या साध्या, स्वस्त साहित्यातही तितक्याच जीव ओतून काम करत राहिला. शिल्पांनी घर कसे सजते, हे मराठी माणसाला पाहायचे असेल तर त्याने सासवण्याला जावे. तिथल्या शिल्पांतली माणसे कोळी, शेतकरी, घरातली मुले अशी आहेत. राजे-महाराजांशिवायही चेहरे घडवण्याजोगे असतात, हे तिथे कळते.

घरच्या घरी करून पाहायचे असेल तर कागदाचा लगदा सर्वांत स्वस्त. आपल्या आज्या भिजवलेला कागद आणि मेथीचे वाटण एकत्र कुटून टोपल्या बनवत, मेथीने चिकटपणा यायचा आणि कीडही लांब राहायची. त्याच लगद्याचे थर साच्यात दाबून मुखवटा निघतो. वाळवीची भिंत मात्र टाळायची.

थ्रीडी प्रिंटिंग ही अलीकडची भर. जगातल्या कित्येक संग्रहालयांनी आपल्या शिल्पांचे त्रिमितीय आराखडे इंटरनेटवर फुकट खुले केले आहेत. बर्लिनमध्ये असलेल्या, 1912 साली इजिप्तमध्ये सापडलेल्या नेफर्तिती राणीच्या अर्धपुतळ्याचाही आराखडा आता कुणालाही उतरवून घेता येतो. मोठ्या शहरातल्या दुकानातून तो छापून मागवता येतो. या छपाईत सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत असा पुतळा ठेवला तर मान वाकडी व्हायला वेळ लागणार नाही. पश्चिमेच्या खिडकीतही तो नको. बाकी पॉलिश पेपर मारून, लांबी भरून रंगवला तर छपाईच्या रेघा लपतात आणि लांबून फरक कळत नाही.

आता बाजार. आपल्याकडे पुतळे तीन वाटांनी येतात. पहिली वाट मोठ्या सोहळ्यांची. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेड राजात लाखो माणसे येतात, तेव्हा पुस्तकांच्या शेजारीच पुतळ्यांचे स्टॉल लागतात. नागपूरची दीक्षाभूमी आणि दादरची चैत्यभूमी इथे बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या मूर्तींचा बाजार तर फार मोठा. दुसरी वाट रस्त्याकडेची. राजस्थानातून आलेली कुटुंबे मोठ्या गावांच्या वेशीवर पाल टाकतात, तिथेच साचे भरतात, तिथेच रंगवून विकतात. तिसरी वाट मोबाइलवरच्या दुकानांची. पहिल्या दोन वाटांवर वस्तू हातात घेऊन पाहता येते, म्हणून माझा कौल त्यांना.

हातात घेतल्यावर काय पाहायचे? डोळे आणि नाक रंगाने फसवतात, म्हणून सुरुवात कानापासून करावी. चांगल्या साच्यातल्या कानाला आतली घडी असते, पाळी गालापासून सुटलेली दिसते. पुतळ्यावरून साचा, त्या साच्यातल्या पुतळ्यावरून पुन्हा साचा अशी नक्कल चार-पाच वेळा झाली की कान गालाला चिकटलेल्या गोळ्यासारखा होतो. दर नकलेत थोडे तपशील बुजतात आणि सगळ्यात आधी कान जातो. मग हनुवटीखाली बोट फिरवावे. साच्याच्या दोन भागांची सांधरेषा तिथे नीट घासलेली नसेल तर कारागिराने घाई केली असे समजावे. वरच्या पापणीची कड बुबुळावर हलकी सावली टाकते का, हे पाहावे. ती कड नसेल तर रंगवलेला डोळा कायम वटारलेला दिसतो. नाकपुड्या आणि ओठांच्या कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे राहिलेले असतात, रंगाखाली ते खड्ड्यांसारखे जाणवतात. शेवटी पुतळा उलटा करून तळ पाहावा. कडेची जाडी सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला पातळ राहिलेला पुतळा तिथूनच तडकतो.

एक व्यवहारी सूचना. जमले तर न रंगवलेला, कोरा पुतळा मागावा. तो स्वस्त पडतो आणि घडण रंगाखाली झाकलेली नसते, त्यामुळे खरा दर्जा समोर दिसतो. घरी आणून आपल्या पसंतीचा रंग द्यावा. चकचकीत सोनेरी स्प्रेने चेहऱ्यावरच्या सगळ्या सावल्या पुसल्या जातात. त्याऐवजी गडद तपकिरी हात देऊन, तो वाळल्यावर कपाळ, नाक, गालफडे एवढ्याच उंचवट्यांवर सुक्या ब्रशने थोडा पितळी रंग घासला तर जुन्या कांस्याचा भास होतो. पांढराच ठेवायचा असेल तर शुभ्र पांढरा नको. त्यात पिवळ्या मातीची किंवा कावेची चिमूट टाकून दुधाळ छटा आणावी.

अभिजात म्हणजे पांढरे, हाही भ्रमच होता. ग्रीक-रोमन पुतळे मुळात रंगवलेले असत. काळाच्या ओघात त्यांचा रंग उडाला आणि त्या उडालेल्या रंगालाच पुढच्या युरोपने सौंदर्य मानले. जर्मन अभ्यासक व्हिन्झेंझ ब्रिंकमन यांनी 2003 पासून रंगीत प्रतींची प्रदर्शने भरवून हे लोकांपुढे आणले. आपल्या रंगवलेल्या मूर्तींकडे नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जागा आणि उजेड यांवर केलेला थोडासा खर्च पुतळ्यावरच्या खर्चाहून जास्त फळतो. बहुतेक घरांत पुतळा काचेआड, ट्रॉफी आणि फुलदाणीच्या गर्दीत आणि वर समोरून ट्यूबलाइटचा सपाट उजेड, अशा अवस्थेत असतो. समोरचा उजेड नाक, गाल, कपाळ एका पातळीत आणतो. त्याच पुतळ्यावर एका बाजूने, थोड्या वरून एका साध्या एलईडी दिव्याचा पिवळसर उजेड पाडला की चेहरा जागा होतो. उंची बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल अशी, कारण बैठकीत माणसे बसलेली असतात. मागची भिंत साधी, पुतळ्याहून गडद किंवा फिकी, पण फुलाफुलांचा वॉलपेपर नको. पुतळ्याभोवती वीतभर मोकळी जागा सोडावी. नवे घर बांधत असाल तर गवंड्याला सांगून एक भिंत जाड ठेवा आणि तिच्यात कोनाडा करून घ्या. विकतच्या कुठल्याही युनिटपेक्षा पुतळ्याला तो जास्त शोभतो.

आता अवघड प्रश्न. कुणाचा चेहरा ठेवायचा? चौकात पुतळा बसवायचा तर प्रशासनाची परवानगी लागते, घरात लागत नाही. पण घरातली जबाबदारी वेगळीच असते. छत्रपती शिवाजी महाराजांचे अर्धपुतळे बाजारात शेकडो प्रकारचे आहेत आणि त्यांतल्या अनेकांचा महाराजांच्या अस्सल चित्रांशी संबंध नाही. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी गेल्या शतकात महाराजांचे समकालीन डच परंपरेतले चित्र प्रकाशात आणले. घेण्याआधी ते नजरेखालून घालावे आणि ज्या पुतळ्यात तो रेखीव, निमुळता चेहरा आणि ते डोळे उतरले असतील तोच घ्यावा. महात्मा फुले आणि बाबासाहेब यांची तर छायाचित्रे उपलब्ध आहेत, तिथे ढोबळ चेहऱ्याला सबबच नाही. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांनी या दोघांचे अर्धपुतळे 9 डिसेंबर 1950 रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असताना उभारले. अर्धपुतळ्याला किती मान असू शकतो, हे त्या चौकात दिसते.

बुद्धाच्या नुसत्या मस्तकाचा शोभेसाठी होणारा वापर मला पटत नाही. हॉटेलच्या कारंज्यात, न्हाणीघराच्या शेल्फवर, चपलांच्या रॅकवर ठेवलेले बुद्धमस्तक पाहून आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बौद्ध घरांना वाईट वाटते आणि ते वाटणे योग्य आहे. त्यात इतिहासही आहे. जुन्या लेण्यांतून आणि स्तूपांमधून मूर्तींची डोकी कापून नेऊनच जगाच्या बाजारात ‘बुद्धाचे मस्तक’ ही वस्तू तयार झाली. बुद्ध ठेवायचा तर खांद्यासह, शक्यतो पूर्ण मूर्ती, स्वच्छ आणि उंच जागी.

भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, असा आपल्याकडचा संकेत आहे. ग्रीक-रोमन चेहरे तर बहुतेक नाक मोडलेले, कान उडालेले. पूजेतली मूर्ती आणि पाहण्यासाठीची प्रतिमा यांत फरक आहे, आणि हा संकेत पूजेतल्या मूर्तीसाठी आहे. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना ते खटकत असेल तर वाद घालू नये. न भंगलेले अभिजात चेहरे भरपूर आहेत.

सर्वांत कळकळीची गोष्ट आता सांगतो. सिंदखेड राजा, लोणार, मेहकर या पट्ट्यात जुन्या मंदिरांचे अवशेष जागोजाग आहेत. पिंपळाखाली, विहिरीच्या काठावर, शेताच्या बांधावर कोरीव दगड टेकवलेले दिसतात. जून 2024 मध्ये सिंदखेड राजात लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम चालू असताना शेषशायी विष्णूची देखणी शिल्पकृती जमिनीखालून निघाली. बसाल्टाहून मऊ अशा शिस्ट जातीच्या दगडात ती कोरलेली आहे, म्हणूनच तिच्यात एवढे बारीक काम करता आले. असा एखादा दगडी चेहरा शेतात मिळाला तर तो फुकटातला अर्धपुतळा म्हणून बैठकीत आणण्याचा मोह कुणालाही होईल. तो आणू नये. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने शिल्प हा पुरावशेष ठरतो आणि जमिनीतून निघालेल्या ऐवजाची खबर सरकारला देण्याचा कायदा तर 1878 पासून आहे. कायद्यापलीकडेही कारण आहे. दगड जागेवरून हलला की तो कोणत्या मंदिराचा, कोणत्या काळाचा, हे सांगणारा पुरावाच संपतो. स्वस्तात ‘जुनी मूर्ती’ देऊ करणाऱ्या माणसाला तर दारातही उभे करू नये.

जुन्या शिल्पाची ओढ असेल तर प्रत घ्यावी. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिल्पांच्या प्रती करणारा स्वतःचा विभाग आहे आणि त्या प्रती विक्रीला असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या दुकानातही प्रती मिळतात. याच संग्रहालयात डिसेंबर 2023 पासून काही महिने ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची संग्रहालये आणि गेटी म्युझियम यांच्याकडची ग्रीक, रोमन, इजिप्शियन, असिरियन शिल्पे भारतीय शिल्पांच्या शेजारी मांडली होती. असा शेजार घरातही जमतो. फक्त दोन्ही चेहरे चांगल्या साच्यातले हवेत.

हजार-दोन हजार रुपये हाताशी असतील तर चार पुतळे घेऊ नयेत. एकच घ्यावा, प्लास्टरचा, कोरा, टाळूपासून तळापर्यंत वीत-दीड वीत उंचीचा. उरलेल्या पैशात भिंतीला एक भक्कम फळी आणि एक दिवा. आणखी थोडे पैसे साठवता आले तर मात्र बाजारातला माल घेऊच नये. आपल्या मुलुखातली कितीतरी मुले कला महाविद्यालयांत जाऊन मातीकाम शिकतात आणि गावी परतल्यावर गणपतीच्या दोन महिन्यांपलीकडे त्यांना काम मिळत नाही. त्यांच्यापैकी एखाद्याला आपल्या आजीचा, शाळेतल्या गुरुजींचा किंवा घारापुरीच्या त्या मधल्या चेहऱ्याचा अर्धपुतळा करायला सांगावे. मातीत घडवून प्लास्टरमध्ये ओतलेले असे काम जन्मभर टिकते. काम सांगताना थोडी आगाऊ रक्कम द्या, त्याने मागितलेल्या किमतीत घासाघीस करू नका आणि पुतळ्याच्या मागच्या बाजूला त्याचे नाव व साल कोरून घ्यायला विसरू नका.